बहुतेकांना वाचता येत नव्हतं, मग शास्त्राचा प्रभाव पडला कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "पहिल्या चार शतकांतल्या ख्रिस्ती लोकांचं रोजचं जगणं पवित्र शास्त्राने घडवलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण छपाई नव्हती, वाचता येणारे थोडे, आणि नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) कोणती पुस्तकं, याची यादीसुद्धा ठरलेली नव्हती. मग हा प्रभाव कुणावर, कशाचा, आणि निबंधात तो सिद्ध कसा करायचा?"

शंका रास्त आहे. सगळी गोम 'प्रभाव' या शब्दात आहे. शास्त्रात असं असं लिहिलंय, ख्रिस्ती लोक असं असं वागत होते, ही दोन टोकं शेजारी ठेवली की काम झालं असं मानलं जातं. मधली वाट कुणी दाखवत नाही. मजकूर कुणाच्या तोंडून, कोणत्या वस्तूतून, किती वेळा माणसापर्यंत पोचत होता, हे सांगता आलं तरच पुढच्या बोलण्याला अर्थ आहे. कोणताही पुरावा हातात आला की मी आधी हे तपासतो. त्यात लिहिलेला उपदेश नंतर.

उत्तर जागेवर आणि काळावर बरंच अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. इ.स. १५०चं रोम, ३०४ सालचं इजिप्तमधलं खेडं आणि ३८०च्या सुमाराचं जेरुसलेम यांना एकच उत्तर लागू होत नाही. रोमन साम्राज्यात लिहिता-वाचता येणारे साधारण १० ते १५ टक्के असावेत असा अंदाज केला जातो. त्यावर वाद आहेत, पण तो दुप्पट धरला तरी बहुसंख्य लोक ऐकणारेच उरतात. तेव्हा डोक्यातून 'बायबल वाचणारा ख्रिस्ती' काढून टाका आणि 'वाचलेलं ऐकणारा' ठेवा. चातुर्मासात देवळात पोथी लागते, एकजण वाचतो आणि पन्नास जण ऐकतात, तसं काहीसं. फरक इतकाच, की इथे ते वर्षभर दर आठवड्याला चालायचं आणि चुकवलं तर विचारणा व्हायची.

याचा सर्वांत जुना स्पष्ट पुरावा ख्रिस्ती लेखक जस्टिन हुतात्म्याच्या पहिल्या समर्थनपत्रात आहे, दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिलेल्या. त्याचा ६७वा भाग काढून वाचा, दहा मिनिटांचं काम आहे. क्रम असा: शहरातले आणि खेड्यांतले लोक रविवारी एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणं 'वेळ असेल तोवर' वाचली जातात, वाचणारा थांबला की प्रमुख त्यावर बोलतो आणि ऐकलेलं आचरणात आणा असं सांगतो, मग सगळे उभं राहून प्रार्थना करतात, मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी, जे आले नाहीत त्यांचा वाटा डीकन (सेवेचं काम पाहणारे) घरी पोचवतात, शेवटी ज्याला जमेल तो पैसे देतो, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे लोक यांच्यासाठी प्रमुखाकडे ठेवले जातात. वाचन, उपदेश, अन्न आणि पैसा एकाच बैठकीत येतात, हे नीट लक्षात घ्या. प्रभाव शोधायचा तो या साखळीत.

'वेळ असेल तोवर' हेही महत्त्वाचं. मार्काचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाची चार पुस्तकं आहेत, त्यांतलं एक) पूर्ण मोठ्याने वाचायला साधारण दीड तास लागतो. म्हणजे दर खेपेला त्यातला तुकडाच कानावर पडत असणार, आणि कोणता तुकडा कितीदा हे वाचणारा आणि प्रमुख ठरवणार. सामान्य माणसाकडे शास्त्र होतं ते तुकड्यांच्या रूपात, आणि काही तुकडे इतरांपेक्षा फार घट्ट बसलेले.

आता हा वाचणारा. तिसऱ्या शतकापर्यंत 'वाचक' हे मंडळीतलं, म्हणजे गावच्या ख्रिस्ती समूहातलं, ठरलेलं पद झालेलं दिसतं. त्या काळातल्या मंडळीच्या नियमांनुसार बिशप (मंडळीचा प्रमुख) त्याच्या हातात पुस्तक देतो आणि तो वाचक होतो. वडीलजन किंवा डीकन नेमताना डोक्यावर हात ठेवतात तसे ठेवायचे नाहीत. काम मात्र अवघड. ग्रीक हस्तलिखितात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं जवळपास नसतात. आधी घरी तयारी केल्याशिवाय उभं राहून वाचणारा अडखळतो, चुकीच्या जागी शब्द तोडतो, आणि वाक्याचा अर्थ बदलतो. ख्रिस्ती मंडळींनी वापरलेल्या कित्येक जुन्या प्रतींत अक्षरं ठळक, पानावर ओळी कमी आणि खंड दाखवायला थोडी मोकळी जागा दिसते. ही वाचकाची सोय आहे, आणि ती प्रत एकट्याने घरी वाचायला नव्हे तर सभेत वाचायला केली असावी याची खूणही.

इथे एक चमत्कारिक कागद आहे. ५ फेब्रुवारी ३०४ रोजी इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या परिसरातल्या खिसिस गावच्या अम्मोनियस नावाच्या वाचकाने सरकारला प्रतिज्ञापत्र दिलं: गावच्या पूर्वीच्या मंडळीकडे सोनं, चांदी, पैसा, कपडे, गुरं, गुलाम, जमीन यांपैकी काही नाही, कांस्याचा थोडा माल होता तो जमा केला आहे. खाली सही दुसऱ्याची, कारण अम्मोनियसला 'अक्षरं येत नाहीत'. वाचक, आणि निरक्षर! याचे तीन अर्थ लावले जातात. तो कॉप्टिक, म्हणजे इजिप्तची स्थानिक भाषा, वाचत असेल आणि ग्रीक येत नसेल. तो पाठांतरावर काम चालवत असेल. किंवा छळाच्या दिवसांत आपल्या नावाची सही करायचं तो चतुराईने टाळत असेल. मला पहिला अर्थ जास्त पटतो, पण पैज लावणार नाही. तुमच्या निबंधासाठी मोलाची गोष्ट वेगळी आहे: त्या यादीत पुस्तकांचा उल्लेखच नाही, आणि सरकार तेव्हा पुस्तकांच्याच मागे लागलं होतं (आदल्या वर्षी शास्त्रं जाळण्याचा हुकूम निघाला होता, त्याबद्दल पुढे).

पुस्तकं इतकी दुर्मिळ का, याचा हिशेब मांडता येतो. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या ३०१ सालच्या कमाल-दर हुकमात उत्तम अक्षरात लिहिणाऱ्या लेखनिकाला १०० ओळींना २५ दिनार, दुय्यम अक्षराला २० दिनार ठरवलेत. शेतमजुराची दिवसाची मजुरी, जेवण देऊन वर रोख, २५ दिनार. एका जुन्या सूचीत शुभवर्तमानांच्या ओळी दिल्या आहेत: मत्तय २६००, योहान २०००, मार्क १६००, लूक २९००. म्हणजे एकट्या मत्तयाची उत्तम प्रत लिहून घ्यायला ६५० दिनार, मजुराची २६ दिवसांची कमाई. चारही मिळून ९१०० ओळी, २२७५ दिनार, तीन महिन्यांची मजुरी. पपायरस आणि बांधणी वेगळी. हे आकडे जसेच्या तसे वापरू नका, कारण हुकमातले दर कमाल होते, ते फारसे पाळले गेले नाहीत, आणि मंडळीतल्या लिहिता येणाऱ्या माणसाने फुकट नक्कल केली तर मजुरीचा प्रश्नच नाही. पण अंदाज येतो: एका घराला पुस्तक घेणं जड, मंडळीला मिळून शक्य.

वस्तू म्हणूनही ती वेगळी होती. दुसऱ्या शतकात ग्रीक साहित्य बहुतेक गुंडाळीवर लिहिलं जाई. ख्रिस्ती शास्त्राच्या त्या काळच्या हाती लागलेल्या प्रती मात्र जवळजवळ सगळ्या कोडेक्स, म्हणजे दुमडलेल्या पानांचं शिवलेलं पुस्तक. मँचेस्टरमधला योहानाच्या शुभवर्तमानाचा प्रसिद्ध तुकडा जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटरचा आहे, पण दोन्ही बाजूंना मजकूर असल्यामुळे तो कोडेक्सचा हे कळतं. कारणं बरीच सुचवली जातात: स्वस्त पडतं, प्रवासात सोपं, पौलाची पत्रं एकत्र बांधता येतात. एकच कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून जपून राहा.

या सगळ्याचा कस लागला फेब्रुवारी ३०३ मध्ये. निकोमिडियात हुकूम निघाला: उपासनास्थळं पाडा, शास्त्रं जाळा. त्यानंतरची एक सरकारी नोंद वाचायला मिळते, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नावर तिच्याइतका चांगला पुरावा नाही. १९ मे ३०३, उत्तर आफ्रिकेतलं सिर्टा शहर, आजचं अल्जीरियातलं कॉन्स्टँटिन. नगराधिकारी मुनाशियस फेलिक्स ख्रिस्ती लोक जमायचे त्या घरी जातो आणि बिशप पॉलला म्हणतो, शास्त्रं बाहेर काढ. पॉल म्हणतो, शास्त्रं वाचकांकडे आहेत, इथे आहे ते देतो. मग मालाची यादी होते: सोन्याचे दोन चषक, चांदीचे सहा, दिवे, समया, आणि ८२ बायकांचे अंगरखे, १६ पुरुषांचे, बायकांचे ४७ जोड जोडे, पुरुषांचे १३ जोड. ग्रंथालयाची कपाटं रिकामी. एक उपडीकन एकच मोठा कोडेक्स आणून देतो. बाकीचे कुठे, तर वाचकांकडे. वाचकांची नावं सांगा म्हटल्यावर दोघे उपडीकन म्हणतात, आम्ही फितूर नाही, मारायचं तर मारा. त्यांना अटक होते. मग दुसरेच दोघे घरं दाखवतात आणि फेलिक्स दारोदार फिरतो: एका घरी चार कोडेक्स, फरशीच्या नक्षीचं काम करणाऱ्या फेलिक्स नावाच्याच वाचकाकडे पाच, पुढे आठ, पुढे पाच मोठे आणि दोन लहान, व्याकरण शिकवणाऱ्या व्हिक्टरकडे दोन कोडेक्स आणि चार सुटे गठ्ठे. शेवटच्या घरी नवरा नाही. बायको सहा कोडेक्स आणून देते. सरकारी गुलाम घर शोधतो, आणखी काही सापडत नाही, आणि फेलिक्स दम देऊन निघतो.

यातून काय काय निघतं बघा. बऱ्यापैकी शहरातल्या मंडळीकडे तीसहून अधिक पुस्तकं होती. ती एका जागी नव्हती, वाचकांच्या घरी होती. छळामुळे लपवली असतील किंवा तयारीसाठी नेहमीच तिथे असतील, दोन्ही शक्य. वाचक म्हणजे पंडित नव्हेत, त्यात कारागीर आहे, शिक्षक आहे. आणि पुस्तकांच्या घरात बायको आहे, जिला पुस्तकं कुठे ठेवलीत ते ठाऊक आहे. शास्त्र घरात कसं शिरलं याचं उत्तर प्रवचनांत शोधण्यापेक्षा इथे शोधा.

कपड्यांची यादीही सोडू नका. बायकांचे कपडे आणि जोडे इतके जास्त, म्हणजे ते विधवांना आणि गरिबांना वाटायचे असावेत. २५१ साली रोमचा बिशप कॉर्नेलियस आपल्या पत्रात सांगतो की मंडळी पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. जस्टिनच्या रविवारच्या क्रमातलं शेवटचं काम आठवा. नग्नाला वस्त्र द्या, विधवेची काळजी घ्या हे वाचलं जायचं, आणि त्याच घराच्या कोठीत अंगरखे ठेवलेले असायचे. तरीही एक दक्षता घ्या: दानधर्माची ही रीत यहुदी समाजात आधीपासून होती. शास्त्राने ती निर्माण केली असं म्हणू नका. दर आठवड्याला वाचून दाखवून चालू ठेवली, इतकं म्हणता येतं.

सिर्टासारख्या ठिकाणी ज्यांनी पुस्तकं दिली त्यांना 'सुपूर्द करणारे' असं हिणवलं गेलं. छळ थांबल्यावर आफ्रिकेत भांडण पेटलं: कार्थेजचा बिशप सिसिलियनला नेमणाऱ्यांपैकी एकाने पुस्तकं दिली होती असा आरोप झाला, आणि त्यातून डोनाटस पंथाची फूट पडली. ३१४ साली आर्लच्या परिषदेत निकाल लागला, फूट मात्र शतकभर आणि त्याहून जास्त टिकली. पुस्तक हातातून सुटणं म्हणजे विश्वास सुटणं, असं मानणारे हजारो लोक होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते पुस्तक वाचता येत नव्हतं. त्याआधीचा एक छोटा पुरावा जोडीला घ्या: १७ जुलै १८० रोजी कार्थेजमध्ये सिलीच्या ख्रिस्ती लोकांवर खटला चालला. तुमच्या पेटीत काय आहे, असं राज्यपालाने विचारलं. उत्तर मिळालं, पुस्तकं आणि पौल नावाच्या न्यायी माणसाची पत्रं.

ऐकलेलं टिकायचं पाठांतराने. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया ही यात्रेकरू जेरुसलेममधली रीत सांगते: बाप्तिस्म्याआधीच्या (पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेआधीच्या) उपासकाळात बिशप रोज तीन तास उमेदवारांना शिकवतो, उत्पत्तीपासून सगळं शास्त्र, आधी सरळ अर्थ, मग आध्यात्मिक, पाच आठवड्यांनी विश्वासाचा मतांगीकार (श्रद्धेचा ठरलेला मजकूर) देतो, आणि तो एकेकाने येऊन तोंडपाठ म्हणून दाखवायचा. बिशप ग्रीकमध्येच बोलतो. ज्यांना फक्त सिरियाक येतं त्यांच्यासाठी शेजारी उभा वडील भाषांतर करतो, लॅटिनवाल्यांनाही कुणीतरी समजावून देतं. इजिप्तमध्ये पाखोमियसच्या मठाचे नियम आणखी कडक: नव्या माणसाला वीस स्तोत्रं किंवा दोन पत्रं पाठ करायला द्यायची, वाचता येत नसेल तर दिवसातून तीन वेळा शिकवणाऱ्याकडे जायचं, नको म्हटलं तरी शिकायलाच लावायचं, किमान नवा करार आणि स्तोत्रसंहिता प्रत्येकाला मुखोद्गत हवी. श्रीमंत घरातल्या मुलीसाठी बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने ४०३च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात तर क्रमच ठरवून दिला आहे: आधी स्तोत्रं, मग नीतिसूत्रे, उपदेशक, ईयोब, मग शुभवर्तमानं, आणि गीतरत्न सगळ्यांत शेवटी. मठ आणि श्रीमंत घर ही दोन्ही टोकं आहेत, सरासरी नव्हे. निबंधात ती सरासरी म्हणून वापरली जातात, तेवढं टाळा.

सामान्य श्रोत्यांच्या कानात मजकूर किती बसला होता हे कळतं एका गोंधळावरून. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन ४०३ साली जेरोमला कळवतो: ओएआ शहरात, आजच्या त्रिपोलीत, बिशपने तुमच्या नव्या भाषांतरातला योना वाचायला घेतला, योनावर सावली धरणाऱ्या झाडाचं नाव वेगळं ऐकू आलं, आणि सभेत इतका गदारोळ झाला की बिशपला मंडळी गमवायची वेळ आली, शेवटी त्याला ते दुरुस्त करावं लागलं. पुस्तक कुणाच्याच हातात नव्हतं, तरी चूक सगळ्यांनी पकडली.

रोजच्या सवयींकडे वळलं तर पुरावा विखुरलेला आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'डिडाखे' या छोट्या नियमावलीत बुधवार-शुक्रवारचा उपास आणि दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना, 'प्रभूने आपल्या शुभवर्तमानात आज्ञा केली तशी'. अलेक्झांड्रियाचा डायोनिशियस तिसऱ्या शतकात सांगतो की ख्रिस्ती घरांत पौल आणि पेत्र ही नावं मुलांना सर्रास ठेवतात. सिरियातल्या ड्यूरा-युरोपसमध्ये, जिथे शहर २५६च्या सुमारास पडलं, एका घरातल्या दोन खोल्यांची मधली भिंत काढून साधारण १३ बाय ५ मीटरची सभेची खोली केलेली सापडली. ती साधी आहे. चित्रं आहेत बाप्तिस्म्याच्या खोलीत: मेंढपाळ, पक्षाघाती बरा होणं, पाण्यावरून चालणारा पेत्र, कबरीकडे येणाऱ्या स्त्रिया. जिथे माणूस एकदाच येतो तिथे चित्र, जिथे दर आठवड्याला येतो तिथे आवाज, अशी ती वाटणी मला वाटते.

आणि ताईत. इजिप्तमध्ये प्रभूची प्रार्थना किंवा 'जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो' हे स्तोत्र लिहून दुमडलेले तुकडे सापडतात; बायका आणि लहान मुलं गळ्यात शुभवर्तमान बांधतात, असं चौथ्या शतकातला उपदेशक योहान क्रिसोस्टोम सांगतो. ऑगस्टिन म्हणतो, डोकं दुखलं म्हणून ताईत बांधण्यापेक्षा योहानाचं शुभवर्तमान उशाशी घेतलं तर बरं, तेही दुसरा मार्ग वाईट म्हणून. हा प्रभाव नव्हे, अंधश्रद्धा, असं म्हणून अनेकजण हे वगळतात. चूक आहे. वाचता न येणाऱ्या माणसाने मजकुराशी ठेवलेला हा सगळ्यात थेट संबंध आहे.

यादीचा मुद्दा लवकर आटपतो. नव्या कराराची २७ पुस्तकं नेमकी सांगणारी पहिली यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याच्या ३६७च्या पत्रात आहे. नाइसियाच्या ३२५च्या बिशपांच्या परिषदेने बायबल ठरवलं हे कुठे वाचलं असेल तर खोडून टाका. तिच्या नियमांत अशी यादी नाही. त्याआधी गाव पाहून फरक: २००च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप सेरापियन याने रोसस गावाला पेत्राच्या नावावरचं शुभवर्तमान वाचायला आधी परवानगी दिली, मग प्रत मिळवून वाचली आणि मत बदललं. चौथ्या शतकातल्या सिनाई कोडेक्समध्येही (बायबलच्या एका जुन्या हस्तलिखितात) हर्मासचा 'मेंढपाळ' आणि बर्णबाचं पत्र आहे. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या शतकाबद्दल लिहिताना 'बायबल' नव्हे, 'त्या मंडळीत वाचली जाणारी पुस्तकं' असं लिहा.

निबंधातलं वाक्य मग असं बांधा: कोणत्या गावात, कोणत्या दशकात, कोणता मजकूर, कुणाच्या तोंडून, आणि त्यानंतर कोणती कृती. पाचांपैकी दोन जागा रिकाम्या राहिल्या तर 'शक्य आहे' लिहा, तीन राहिल्या तर वाक्य काढून टाका.

वाचनाचा क्रम विचाराल तर जस्टिनचा ६७वा भाग, मग सिर्टाची नोंद, मग एजेरिया. क्रिसोस्टोमची प्रवचनं शेवटी ठेवा. तो श्रीमंतांवर चिडतो की तुम्ही पुस्तकं कपाटात ठेवता आणि चर्मपत्र किती तलम, अक्षर किती सुंदर याचीच बढाई मारता. रागावलेला उपदेशक लोक काय करत नाहीत ते सांगतो, आणि तेही फुगवून. सिर्टाच्या कारकुनाला मात्र फक्त मोजायचं होतं.